आधी भूगोल, मग बी.एड.: ही वाट पडली कशी?

बारावी आर्ट्स करून भूगोलाचा शिक्षक व्हायचं ठरवलेल्या कोल्हापूरच्या मुलापुढे वर्षानुवर्षं एक ठरलेली वाट आहे. तीन वर्षं भूगोल घेऊन बी.ए., मग सीईटी, मग बी.एड. पदवीच्या वर्गात टोपोशीट (डोंगर-नद्या-गावं दाखवणारा सविस्तर नकाशा), प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास, जर्नल हे सगळं येतं, पण हेच नववीच्या मुलांना कसं समजावायचं याचा विषयही निघत नाही. बी.एड.ला गेल्यावर उलट होतं. तिथे मानसशास्त्र, मूल्यमापन, शालेय व्यवस्थापन असं भरपूर असतं आणि भूगोल उरतो तो अध्यापन पद्धतीच्या पेपरापुरता आणि सराव पाठांपुरता.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणशास्त्र आणि एक शालेय विषय असे दोन्ही मुख्य विषय असलेली चार वर्षांची पदवी पुढे आणली. 2030 पर्यंत शिक्षक होण्यासाठी तीच किमान पात्रता असावी, असंही त्यात म्हटलं आहे. तेव्हापासून ही जोडी म्हणजे काहीतरी नवीन निघालंय असा बोलबाला आहे. इतिहास पाहिला तर भूगोल विद्यापीठात शिरला तोच मुळी शाळेच्या दारातून.

स्वित्झर्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी मुलांना आधी आसपासचा परिसर दाखवा, मग नकाशा आणि मग जग, असं सांगत होता. त्याची शाळा बघायला गेलेल्यांपैकी एक कार्ल रिटर. हाच रिटर 1820 मध्ये बर्लिन विद्यापीठात भूगोलाचा प्राध्यापक झाला आणि आधुनिक भूगोलाच्या दोन संस्थापकांत त्याचं नाव घेतात, दुसरा हम्बोल्ट. पुढे 1874 मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने आपल्या विद्यापीठांत भूगोलाची अध्यासनं म्हणजे प्राध्यापकपदं काढायचं ठरवलं, त्यामागे शाळांना भूगोलाचे शिक्षक हवेत हे मोठं कारण होतं. इंग्लंडात 1893 मध्ये शिक्षकांनी जिऑग्राफिकल असोसिएशन स्थापन केली, ऑक्सफर्डला भूगोलाची स्वतंत्र शाखा निघाली ती 1899 मध्ये. आपल्याकडे मद्रासला 1926 मध्ये भूगोल मंडळ उभं राहिलं, त्यातही पुढाकार शिक्षकांचाच.

मराठीत तर ही जोडी मद्रासच्या मंडळाहून जुनी. बाळशास्त्री जांभेकरांना आपण 'दर्पण'कार म्हणून ओळखतो आणि तिथेच थांबतो. त्यांनी मराठी शाळांसाठी भूगोलाची पुस्तकं लिहिली आणि अखेरच्या काळात मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासची जबाबदारीही सांभाळली. एकच माणूस पृथ्वी गोल का आहे हेही लिहीत होता आणि ते शिकवणारे पंतोजीही घडवत होता.

कोल्हापूरची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण इथे शिक्षकांची गरज एकदम वाढली. कागल-कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं, ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूदही केली. आता गावोगाव शाळा म्हणजे गावोगाव मास्तर आले. व्हर्नाक्युलर फायनल (मराठी सातवीची परीक्षा) पास झालेला, जमलं तर ट्रेनिंग केलेला हा मास्तर भाषा, गणित आणि भूगोल सगळं एकटाच शिकवायचा. पुढे तिसरीच्या पुस्तकात 'आपला जिल्हा' आला, तो पेस्टालोझीच्या त्याच जवळून दूर जाणाऱ्या क्रमातला.

फाटा इथेच फुटला. प्राथमिक शिक्षकाचं ट्रेनिंग सरकारी शिक्षण खात्याच्या हाताखाली गेलं, विद्यापीठाशी त्याचा संबंधच नव्हता. हायस्कूलच्या शिक्षकासाठी विद्यापीठाची बी.टी. ही अध्यापनाची पदवी होती (जुन्या सरांच्या नावापुढे 'बी.ए., बी.टी.' असायचं, तीच), पण ती पदवीनंतरची, वेगळ्या कॉलेजातली. 1880 च्या राजाराम कॉलेजात विषय शिकायचा आणि शिकवायला शिकायचं ते दुसऱ्या छपराखाली. 1949 पर्यंत मुंबई विद्यापीठ, मग पुणे विद्यापीठ आणि 1962 पासून शिवाजी विद्यापीठ, अशी वरची पाटी बदलत गेली तरी ही रचना तशीच राहिली.

या रचनेवर नेमकं बोट ठेवणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातला माणूस होता. जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा, आणि 1964 ते 66 च्या, शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. शिक्षक-प्रशिक्षण हे विद्यापीठाच्या शैक्षणिक जीवनापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासूनही तुटलेलं आहे, असं त्या अहवालात स्पष्ट लिहिलंय. त्याच सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत विषय आणि अध्यापन एकत्र शिकवणारे चार वर्षांचे अभ्यासक्रम सुरू झाले होते. ते बराच काळ त्या चार ठिकाणांपुरतेच राहिले. कोल्हापूरच्या पोराला त्याचा काय उपयोग?

तुटल्याने बिघडतं काय, हे सराव पाठात दिसतं. विषय समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. छात्राध्यापक गुंडाळी फळ्यावर पुस्तकातली टेकडी काढून आणतो, निरीक्षक सर मागच्या बाकावर, पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) प्रस्तावना ते गृहपाठ सगळे रकाने भरलेले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 47 एल या नकाशात पन्हाळा आहे. कड्यापाशी रेषा एकमेकींना चिकटल्यात आणि वर पठारावर मोकळ्या झाल्यात. ही टोपोशीट त्याने बी.ए.ला हाताळलेली असते, आणि वर्गातली निम्मी मुलं पन्हाळ्याला जाऊन आलेली असतात. पण कॉलेजातलं पन्हाळ्याचं शीट आणि टाचणातली टेकडी यांची गाठ घालून द्यायला कुणी नसतं. पावसाचंही तेच. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळला पाचशेच्या आसपास. पर्जन्यछाया शिकवायला याहून सोपं उदाहरण शोधून सापडणार नाही, तरी फळ्यावर पश्चिम घाटाची ती नेहमीची त्रिकोणी आकृतीच येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे तर इथल्या शाळकरी मुलांना 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर पाढ्यासारखं पाठ आहे. ही पातळी कशी मोजतात, कासारी-कुंभी-तुळशी-भोगावतीचं पाणी कुठे एकत्र येतं, यावर अख्खं सत्र होऊ शकतं. मग ते भूगोलात धरायचं की शिक्षणशास्त्रात? माझ्या मते हा प्रश्नच पडू नये, अशी पदवी हवी.

अलीकडचा घटनाक्रम थोडक्यात असा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला 1995 पासून कायद्याचं बळ मिळालं. शिक्षक-प्रशिक्षणावरच्या 2012 च्या न्या. वर्मा आयोगानंतर 2014 चे नियम आले, 2015 पासून बी.एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला आणि बी.ए.-बी.एड. एकात्मिक अभ्यासक्रमालाही त्याच नियमांत जागा मिळाली. 2021 मध्ये आयटीईपी म्हणजे नवा चार वर्षांचा अभ्यासक्रम अधिसूचित झाला आणि 2023 पासून मोजक्या संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. गंमत म्हणजे 2025 च्या मसुद्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. परत आणायचा प्रस्ताव आहे. म्हणजे 'आधी विषय, मग अध्यापन' ही जुनी वाटही खुलीच राहणार.

हिशेब करणाऱ्या घरात मात्र प्रश्न वर्षांचा असतो. जुन्या वाटेने पाच वर्षं, एकात्मिकने चार. एक वर्षाची फी आणि खोलीभाडं वाचतं, हे राधानगरी-भुदरगडच्या आईबापांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. अडचण पुढची आहे: चार वर्षांनी मन बदललं आणि शिक्षक व्हायचं नसलं, तर भूगोलात एम.ए. किंवा जीआयएसकडे (संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याच्या तंत्राकडे) जाण्याइतका विषय त्या पदवीत शिकवला गेला असेल का? प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाची पुस्तिका मागून भूगोलाचे पेपर किती, प्रॅक्टिकल आहे का आणि फील्डवर्क कुठल्या सत्रात आहे, एवढं पाहून घ्यावं. शिवाय पदवी कुठल्याही वाटेने घेतली तरी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल कुणाला चुकलेलं नाही, आणि सहावी ते आठवीच्या टीईटीत भूगोलवाल्याला इतिहासासकट सामाजिक शास्त्राचाच पेपर द्यावा लागतो.