बरोबरी झाली तर पुढे कोण? स्थिर सॉर्टिंगची पार्श्वभूमी

ठाण्यात कोपरीला आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दर तिमाहीला मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी लागते. आधी ए विंग, मग बी, मग सी, आणि प्रत्येक विंगमध्ये आडनावं अकारविल्हे. यादी मीच काढून देतो. समजा, ती आधी आडनावाने लावली आणि मग विंगप्रमाणे लावली. दुसऱ्या खेपेला ए विंगमधले सगळे सभासद एकमेकांच्या बरोबरीत असतात. त्यांचा आधीचा, आडनावाचा क्रम तसाच राहिला तर तो सॉर्ट, म्हणजे क्रम लावण्याची ती पद्धत, स्थिर किंवा स्टेबल. नाही राहिला तर विंगा जागेवर असतात आणि आतली आडनावं विस्कटलेली.

ही गरज संगणकाहून जुनी आहे. १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी भोकं पाडलेली कार्डं मोजणारी यंत्रं केली. त्याच परंपरेतली आयबीएमची सॉर्टर यंत्रं पुढे अनेक दशकं ऑफिसांत चालली. १९४९ चं ०८२ हे यंत्र मिनिटाला ६५० कार्डं कप्प्यांत टाकायचं, पण एका वेळी एकाच रकान्याप्रमाणे. तीन आकडी नंबर लावायचे तर सुरुवात एककापासून. कप्प्यांतले गठ्ठे क्रमाने एकावर एक रचायचे, पुन्हा यंत्रात घालायचे, आता दशक, शेवटी शतक. हे जमतं ते एकाच कारणाने: एका कप्प्यात पडलेली कार्डं आपसातला आधीचा क्रम सोडत नाहीत. गठ्ठा उचलताना पत्ते पिसल्यासारखा झाला की आधीच्या फेऱ्या वाया. माझी आधी आडनाव, मग विंग ही पद्धत म्हणजे हीच युक्ती आहे. कमी महत्त्वाचं आधी, जास्त महत्त्वाचं शेवटी.

१९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या संगणकासाठी मर्ज सॉर्ट लिहिला. दोन लावलेले गठ्ठे समोर ठेवायचे, वरच्या दोन नोंदी पाहायच्या, लहान असेल ती उचलायची. दोन्ही सारख्या निघाल्या तर डावीकडची घ्यायची. मर्ज सॉर्टची स्थिरता एवढ्या एका नियमावर उभी आहे. मात्र मांडामांड करायला त्याला जास्तीची जागा लागते, आणि तेव्हा मेमरी फार महाग होती.

म्हणून क्विकसॉर्ट लोकांना इतका भावला. १९५९ मध्ये मॉस्कोत शिकत असताना टोनी होअर यांना तो सुचला. रशियनमधून इंग्रजीत यांत्रिक भाषांतर करण्यासाठी शब्द क्रमाने लावून हवे होते. १९६१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो जागच्या जागी काम करतो, लांबलांबच्या नोंदींची अदलाबदल करतो, आणि त्या उड्यांमध्ये बरोबरीच्या नोंदी एकमेकींना ओलांडून जातात. सी या प्रोग्रामिंग भाषेतल्या सॉर्ट करून देणाऱ्या तयार फंक्शनला qsort हे नावही त्याच्यावरूनच पडलं. १९८९ च्या सी मानकाने तर स्पष्टच म्हटलं की सारख्या नोंदींचा आपसातला क्रम ठरलेला नाही. कार्डाच्या यंत्रात जे आपोआप मिळत होतं, ते इथून पुढे प्रोग्रामरच्या गळ्यात पडलं.

याच फंक्शनने तुलना-फंक्शनची, म्हणजे दोन नोंदींत आधी कोण हे सांगणारा कोडचा तुकडा वेगळा देण्याची, रीतही रूढ केली. सॉर्ट करणाऱ्या कोडला आकडे, नावं, तारखा यातलं काही कळायची गरज नाही. तुम्ही दोन नोंदी पाहून उत्तर द्यायचं: पहिली आधी येत असेल तर ऋण, नंतर येत असेल तर धन, बरोबरी असेल तर शून्य. पुढच्या बहुतेक भाषांनी हाच करार उचलला. तो साधा दिसतो, पण माझ्या अनुभवात सॉर्टिंगच्या निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात.

वजाबाकीचंच घ्या. पहिल्यातून दुसरी वजा करून ते उत्तर परत देणं सोपं वाटतं. पण संगणक पूर्णांकाला नेहमी देतो त्या ३२ बिटांच्या जागेत २१४ कोटींच्या थोडं पुढपर्यंतच मावतं. २०० कोटींतून उणे २०० कोटी वजा केले की उत्तर मर्यादेबाहेर जातं, चिन्ह उलटू शकतं, आणि मोठी रक्कम लहान ठरते. किंवा थकबाकीत शंभर रुपयांपर्यंतचा फरक ‘सारखाच’ मानायचं ठरवलं. ५०० आणि ५८० सारखे, ५८० आणि ६६० सारखे, पण ५०० आणि ६६० मात्र वेगळे. अशा बरोबरीचा सुसंगत क्रम लागूच शकत नाही. त्यापेक्षा रक्कम आधी शंभराच्या टप्प्यात बसवावी आणि टप्प्यांची तुलना करावी. जावा या भाषेचा जुना सॉर्ट असली विसंगती निमूट खपवून घ्यायचा. २०११ मध्ये जावा ७ आला आणि तुलनेने करार मोडल्याचं सांगून प्रोग्राम थांबू लागला. वर्षानुवर्षं चाललेलं कोड त्यामुळे अडलं हे खरं, पण चूक आधीपासून होतीच.

जावा ७ मधल्या या बदलामागे टिमसॉर्ट हा नवा सॉर्ट होता; तो २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी पायथन या भाषेसाठी लिहिला. खऱ्या याद्यांत आधीच लावलेले तुकडे सापडतात, ते शोधायचे आणि मर्ज करायचे. तो स्थिर आहे आणि वेगवानही, त्यामुळे स्थिरता हवी तर वेग सोडा हा जुना युक्तिवाद बराच दुबळा झाला. २००४ मध्ये पायथनने तुलनेऐवजी नुसती किल्ली, म्हणजे नोंदीतलं ज्यावरून क्रम लावायचा ते मूल्य, देण्याची सोय दिली आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तुलना-फंक्शनचा पर्याय सॉर्टमधून काढूनच टाकला.

वेबवर मात्र उशीर झाला. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या मानकात स्थिरतेची सक्ती नव्हती. क्रोम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-८ इंजिन दहा नोंदींपर्यंत इन्सर्शन सॉर्ट (एकेक नोंद योग्य जागी सरकवणारा) वापरायचं, तो स्थिर, त्यापुढे क्विकसॉर्ट. म्हणजे आठ फ्लॅटच्या नमुन्यावर चाचणी केली तर सगळं सुरळीत, आणि छप्पन्न फ्लॅटची खरी यादी घातली की आडनावं इकडची तिकडे होण्याचा धोका. असा दोष शोधताना माणूस स्वतःच्याच तर्कावर शंका घेत बसतो. त्या काळातला उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला मूळ अनुक्रमांक चिकटवायचा आणि तुलनेत बाकी सगळं सारखं निघालं की तो पाहायचा. २०१८ च्या क्रोम ७० मध्ये टिमसॉर्ट आला, २०१९ च्या मानकाने स्थिरता बंधनकारक केली. २०२० मध्ये वेबसाइटांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेच्या आठव्या आवृत्तीनेही स्थिर सॉर्ट दिला. तुलनेतून नुसतं हो किंवा नाही परत देण्याची सवय तिथे रुळली होती, त्यावर इशारा देणंही त्याच आवृत्तीपासून सुरू झालं. ‘नाही’ म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे बरोबरी. लहान असलेली नोंदही अशी बरोबरीत जाऊन बसते.

एवढं झालं तरी काय लहान आणि काय मोठं, हे ठरवणं आपल्याकडेच राहतं. जावास्क्रिप्टला तुलना-फंक्शन दिलं नाही तर ते आकडेही अक्षरांसारखे लावतं, आणि दहाव्या मजल्यावरचा १००१ पहिल्या मजल्यावरच्या १०१ च्या आधी येतो. आडनावांचा घोटाळा माझ्या लक्षात आला नव्हता. तो आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकांनी बोर्डासमोर उभं राहून दाखवला. काळे, कावळे, काशीद अशी नावं लागली होती. त्या म्हणाल्या, “अरे, ळ कधीपासून वच्या आधी आला?”

त्यांचं बरोबर होतं. शाळेच्या मुळाक्षरांत ह, मग ळ, क्ष, ज्ञ. पण १९९१ च्या युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतली, आणि तिथे ळ हा लच्या शेजारी आहे. मी नुसत्या अक्षरांच्या क्रमांकांची तुलना करत होतो. युनिकोडच्या भाषावार नियमांत मराठीसाठी ळ हच्या पुढे आहे. तुलना करताना भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की तो नियम लागू होतो. पुढच्या तिमाहीला बोर्डावर कावळे, काशीद, काळे अशी यादी लागली.