धोरणात्मक कॉर्पोरेट परोपकार

समाजासाठी द्यायचा पैसा, माल, कौशल्य किंवा कर्मचाऱ्यांचा वेळ कंपनीने आपल्या धंद्याची गरज आणि बलस्थाने पाहून, ठरवून आणि बराच काळ एकाच दिशेने देणे, या पद्धतीला धोरणात्मक कॉर्पोरेट परोपकार म्हणतात. आलेल्या अर्जांवर थोडेथोडे वाटणे, अध्यक्षांच्या आवडत्या संस्थेला धनादेश देणे, आपत्तीनंतर मदतनिधीत भर घालणे हे त्यात मोडत नाही. असे देणे वाईट नव्हे. त्यामागे धोरण नसते, इतकेच.

या विषयातला सर्वांत जुना प्रश्न म्हणजे हा पैसा कोणाचा? गाशा गुंडाळत असलेल्या एका रेल्वे कंपनीने अधिकाऱ्यांना आणि संचालकांना बक्षिसी द्यावी का, हा वाद 1883 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात गेला. न्यायमूर्ती बोवेन यांनी बक्षिसी नाकारली. कंपनीने केक आणि बिअर वाटू नये असे कायदा म्हणत नाही, पण ती कंपनीच्या हिताला लागेल तेवढीच वाटावी, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत न्यू जर्सीतील ए. पी. स्मिथ या झडपा आणि अग्निशमनाचे नळखांब बनवणाऱ्या कंपनीने प्रिन्स्टन विद्यापीठाला 1,500 डॉलर दिले, तेव्हा काही भागधारकांनी हरकत घेतली. शिकलेली माणसे उद्या आपल्यालाच लागणार, म्हणून ही चांगली गुंतवणूक आहे, अशी साक्ष कंपनीच्या अध्यक्षांनी दिली. 1953 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगी वैध ठरवली. ‘धोरणात्मक’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी त्यामागचा युक्तिवाद असा न्यायालयात मांडून झाला होता.

अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांना कंपनीने समाजकार्यावर खर्च करणे पटत नव्हते. 1970 मधील त्यांच्या गाजलेल्या लेखाचा रोख मराठीत एका म्हणीत सांगता येतो : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पैसा भागधारकांचा, पुण्य व्यवस्थापकाचे. मात्र कंपनीच्या दीर्घकालीन फायद्यासाठी केलेल्या खर्चावर त्यांचा आक्षेप नव्हता. त्याला ‘सामाजिक जबाबदारी’ म्हणून मिरवणे त्यांना खटकत होते. धोरणात्मक परोपकाराची सगळी मांडणी याच फटीतून उगवली आहे.

1983 मध्ये अमेरिकन एक्सप्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीने कार्डावरच्या प्रत्येक व्यवहारामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी देऊ केला. सुमारे 17 लाख डॉलर जमले आणि कार्डांचा वापरही वाढला. धंदा आणि दान यांची सांगड घालणारी ही मोहीम पुढे अनेकांनी गिरवली. व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर आणि मार्क क्रॅमर यांनी 2002 मध्ये मात्र असल्या मोहिमा जाहिरातीतच जमा केल्या. फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीने 1999 मध्ये 7.5 कोटी डॉलर दान केले आणि त्या दानाचा गाजावाजा करायला 10 कोटी खर्चले, याकडे त्यांनी बोट दाखवले. नाकापेक्षा मोती जड, दुसरे काय. त्यांच्या मते कंपनीने आपल्या धंद्याभोवतीची परिस्थिती सुधारण्यासाठी द्यावे : कुशल मनुष्यबळ, पुरवठादार, सुजाण ग्राहक, स्पर्धेचे स्वच्छ नियम. तिथे समाजाचे आणि कंपनीचे हित एकत्र येते.

संगणक जाळ्याची सामग्री बनवणारी सिस्को ही कंपनी हे त्यांचे ठळक उदाहरण. शाळांना संगणक जाळ्याची सामग्री मिळाली, पण ती सांभाळणारे तिथे कोणी नव्हते. म्हणून कंपनीच्या लोकांनी शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली, आणि त्यातून 1997 मध्ये ‘नेटवर्किंग अकॅडमी’ उभी राहिली. प्रशिक्षित तंत्रज्ञांचा तुटवडा त्या उद्योगालाच जाचत होता. शिकलेले तरुण स्पर्धकाकडेही जाणार होतेच. पण सर्वांत मोठा विक्रेता असल्याने वाढत्या बाजाराचा मोठा वाटा सिस्कोच्याच पदरात पडणार होता. आपल्या खर्चाचा फायदा फुकटात घेणारे स्पर्धक किती चालतील, हा हिशेब जाणती नेतृत्वे आधीच मांडतात.

मर्क या औषध कंपनीची गोष्ट या चौकटीत तितकी चपखल बसत नाही, आणि म्हणूनच ती पाहण्यासारखी आहे. जनावरांच्या जंतांवरचे तिचे आयव्हरमेक्टिन हे औषध काळ्या माशीच्या दंशातून पसरणाऱ्या ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ या अंधत्व आणणाऱ्या रोगावर चालते, असे दिसले. रोगी इतके गरीब की गिऱ्हाईकच नाही. 1987 मध्ये कंपनीचे प्रमुख रॉय वॅजेलोस यांनी औषध लागेल तेवढे आणि लागेल तितका काळ मोफत देण्याचे जाहीर केले. गोळ्या वर्षातून एकदा किंवा दोनदा द्यायच्या. त्या किती, हे वजनकाट्याऐवजी खुणा केलेल्या काठीशेजारी माणसाला उभे करून उंचीवरून ठरवतात, त्यामुळे गावातला स्वयंसेवकही वाटप करू शकतो. कंपनीने पैशाऐवजी फक्त तिच्याकडेच असलेली वस्तू दिली, हे इथले मर्म. पुढे हत्तीरोगासाठी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचे अल्बेंडाझोल सोबतीला आले, म्हणजे प्रतिस्पर्धीही एका कामात उतरले. 2013 मध्ये कोलंबिया रिव्हर ब्लाइंडनेसपासून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले.

प्रत्यक्ष संचालक मंडळात निर्णय एवढे स्वच्छ नसतात. प्रमुखाची वैयक्तिक ओढ, जनसंपर्क विभागाची घाई आणि स्थानिक व्यवस्थापकाची निकड यांची खेचाखेच चालते. विषय निवडण्यापेक्षा आलेल्या विनंत्यांना नाही म्हणणे जड जाते. स्वतंत्र प्रतिष्ठान काढले तर प्रमुखाच्या लहरीपासून थोडे संरक्षण मिळते, पण धंद्यातल्या माणसांशी नाते तुटण्याचा धोका असतो. मोजमापाचे घोडेही इथेच अडते. किती वर्ग घेतले हे सांगता येते. त्यातून कोणाचे काय बदलले हे सांगायला वर्षे लागतात, आणि प्रमुखाची मुदत बहुधा त्याआधीच संपते.

कायदा या कल्पनेच्या आड येऊ शकतो. भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चायला सांगते. पण त्याखालच्या नियमांनुसार नेहमीच्या धंद्याचा भाग असलेली किंवा फक्त कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या लाभाची कामे त्यात सहसा धरता येत नाहीत. धंद्याशी जवळीक हे पोर्टर-क्रॅमर यांच्या मांडणीचे बळ; इथे त्या जवळिकीलाच मर्यादा आहे.