वरचे दात किडतात, खालचे का शाबूत राहतात?

"दूधना दात शेतस, पडी जातीन," असं खानदेशात घरोघरी ऐकू येतं. पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि दुखऱ्या दाढेनं पोर नीट जेवत नाही, झोपत नाही.

दीड-दोन वर्षांच्या बाळाचे दात किडले की बहुतेक वेळा वरचे पुढचे चार तपकिरी दिसतात, खालचे मात्र पांढरेशुभ्र. तोंड तेच, साखर तीच. फरक लाळेचा.

दातावरच्या चिकट थरातले स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली उतरला की दाताच्या कठीण कवचातलं (एनॅमलमधलं) खनिज हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट विरघळू लागतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट निसटतात. लाळेतलं बायकार्बोनेट हे आम्ल मारतं आणि लाळेतलंच कॅल्शियम-फॉस्फेट दातात परत बसतं. पीएच पूर्ववत व्हायला अर्धा-एक तास लागतो. त्यामुळे साखर किती खाल्ली याहून किती वेळा खाल्ली हे जास्त नडतं. खालच्या दातांच्या मागेच, जिभेखाली, लाळग्रंथींची तोंडं उघडतात. बाटली चोखताना जीभही त्या दातांना झाकते. वरच्यांना यातलं काहीच नाही. त्यात झोपेत लाळ अगदी कमी सुटते. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपलेल्या बाळाचे वरचे दात तासन् तास आम्लात राहतात.

फ्लोराइड मिळालं तर परत बसणारं खनिज फ्लोरअ‍ॅपॅटाइटसारखं होतं आणि पीएच 4.5 च्या आसपास येईपर्यंत तग धरतं. म्हणून पहिल्या दातापासून तांदळाच्या दाण्याएवढी 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा लावावी. मिश्रीचं बोट मात्र पोराच्या तोंडात कधीही नको, ती भाजलेली तंबाखू आहे. आणि धुरी देऊन दातातला 'किडा' काढणाऱ्यांना पैसे देऊ नका. दातात अळी राहतच नाही.

नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दातांचा डॉक्टर लांब पडतो, पण लस द्यायला सिस्टर येतातच. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांचे दातही तपासतात. मात्र अंगणवाडीत रोज बसणारी पोरं बहुतेक तीन वर्षांपुढची, तोवर बरंच बिघडलेलं असतं. गोवर-रुबेलाचे डोस 9 ते 12 आणि 16 ते 24 महिन्यांत असतात. त्याच वेळी बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा, असं मला ठामपणे वाटतं. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर खनिज गेलंय, पण खड्डा पडलेला नाही. तेव्हा रात्रीची बाटली बंद केली, पेस्ट सुरू केली आणि 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश (दातावर चिकटणारा लेप) लावलं तर दात वाचू शकतो. प्रशिक्षण मिळालेली नर्स हे व्हार्निश ब्रशनं मिनिटभरात लावू शकते. त्याला ना ड्रिल लागतं, ना खुर्ची.