ओल्ड टायमर आणि व्हिंटेज आरसी: दिसायला भावंडं, उडायला वेगळी

जुन्या प्लॅनवरून, म्हणजे जुन्या आराखड्यावरून, मॉडेल विमान बांधायला घेणारे बहुतेक जण पहिला प्रश्न मोटरचा विचारतात. कुठली बसवू, बॅटरी किती सेलची? मी त्यांना आधी प्लॅन जमिनीवर पसरायला लावतो. मोटरच्या आधी एक गोष्ट ठरायला हवी: हे विमान रेडिओसाठी, म्हणजे जमिनीवरून रेडिओने चालवण्यासाठी (आरसी, रेडिओ कंट्रोल) काढलं होतं, की रेडिओशिवाय एकट्याने उडण्यासाठी?

दोन्ही जातींची विमानं शेजारीशेजारी ठेवली तर नवख्याला फरक कळत नाही. दोन्हींचा पंख फ्यूजलाजच्या (धडाच्या) वर, रबरबँडने बांधलेला. दोन्हींच्या पंखांची टोकं चांगलीच वर उचललेली. बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, वर ताणलेला टिश्यू कागद किंवा सिल्क, त्यावर डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या वॉर्निशचे हात. आज तर दोन्हींच्या पोटात तोच २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आणि तेच सर्व्हो (शेपटीच्या हलत्या पाट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) असतात. म्हणून सगळ्यांना सरसकट 'व्हिंटेज' म्हटलं जातं.

नावांचा गोंधळ इंग्रजीतच आहे. अमेरिकेतली 'सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्स', म्हणजे सॅम, ३१ डिसेंबर १९४२ पर्यंतच्या डिझाइनना ओल्ड टायमर म्हणते. ब्रिटनमध्ये तीच परंपरा 'व्हिंटेज' या नावाने चालते आणि तिथली रेषा १९५० च्या अखेरीला आहे. उलट अमेरिकेत 'व्हिंटेज आरसी' म्हटलं की रेडिओसाठीच काढलेली जुनी विमानं, मुख्यतः १९५० आणि १९६० च्या दशकांतली. त्यामुळे १९४६ चं कीलक्राफ्टचं 'ज्युनियर ६०' इंग्लंडमध्ये व्हिंटेज आहे आणि अमेरिकन नियमाने ओल्ड टायमरही नाही.

तारखेवरून ओळखायला गेलं तर फसायला होतं. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचं 'गफ' १९३७ पासूनच रेडिओवर उडत होतं. आज ते स्मिथसोनियनच्या हवाई संग्रहालयात आहे. वर्ष युद्धापूर्वीचं, पण विमान रेडिओचं. म्हणून माझ्या लेखी खरी रेषा कॅलेंडरवर नसून हेतूत आहे, आणि हेतू प्लॅनवर दिसतो.

ओल्ड टायमर म्हणजे मुळात फ्री फ्लाइट. हातातून सुटलं की पुढचं सगळं त्याचं त्याने करायचं. इंजिन ठरावीक सेकंद चालणार, तेवढ्यात जमेल तितकी उंची गाठायची, टायमरने इंजिन बंद केलं की गोल गोल तरंगत खाली यायचं. जो हवेत जास्त वेळ राहील तो जिंकला. कार्ल गोल्डबर्गचं 'झिपर', १९४० ची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा गाजवणारं जो कोनेफेसचं 'बझर्ड बॉम्बशेल', ही सगळी या घराण्यातली. थर्मल (वर चढणारी गरम हवा) सापडली आणि विमान वाऱ्याबरोबर वाहत गेलं, तर सायकलवरून नाहीतर गाडीतून त्याच्यामागे धावायचं. परत आणायची सोयच नव्हती, त्यामुळे डिझाइन करणाऱ्याला वाऱ्याविरुद्ध पुढे सरकण्याची काळजी करावी लागली नाही.

रेडिओवाल्याला नेमकी तीच काळजी होती. विमान वाऱ्याविरुद्ध परत यायला हवं. म्हणून ते थोडं जड ठेवलं, पंखाची छेदरेषा कमी फुगीर घेतली, शेपटी लहान केली. वॉल्टर गुडचं 'रडर बग', हॅल डीबोल्टची 'लाइव्ह वायर' मालिका, हॉवर्ड बॉनरचं 'स्मॉग हॉग' ही या बाजूची नावं. तरीही ती फ्री फ्लाइटसारखी दिसतात, कारण सुरुवातीच्या रेडिओवर फार भरवसा ठेवता येत नव्हता. सिग्नल गेला तरी विमानाने स्वतःला सावरलं पाहिजे, यासाठी पंखांची टोकं भरपूर वर उचललेली ठेवली.

त्या काळची यंत्रणा एकदा हातात घेऊन बघावी अशी आहे. ट्रान्समीटरवर एकच बटण. विमानाच्या पोटात केबिनपासून शेपटीपर्यंत एक रबराचा फास, गुंडाळ्या देऊन पीळ भरलेला. त्याला चार दात्यांचं छोटं चाक जोडलेलं, म्हणजे एस्केपमेंट. बटण दाबलं की विद्युतचुंबक खटका ओढतो, चाक पाव फेरी फिरून अडतं आणि रडर, म्हणजे शेपटीची उभी हलती पाटी, पूर्ण उजवीकडे जातो. बटण सोडलं की आणखी पाव फेरी, रडर मधोमध. पुन्हा दाबलं की डावीकडे. अर्धा रडर हा प्रकारच नाही. मागचं वळण उजवं होतं की डावं, हे उडवणाऱ्याने डोक्यात ठेवायचं. बटण दाबून धरलं की विमान गिरकी घेत नाक खाली घालतं आणि वेग धरतं. सोडलं की तोच वेग नाक वर उचलतो, आणि वेग पुरेसा असेल तर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी हलती पाटी) नसतानाही लूप, म्हणजे उभी गोल फेरी, होतो! म्हणूनच मी म्हणतो, हे विमान रेडिओभोवतीच काढलेलं आहे. रबराचा पीळ संपला की रडर गेला, म्हणून किती गुंडाळ्या भरल्या ते मोजून उडायचं.

पुढे रीड, म्हणजे कंप पावणाऱ्या पट्ट्यांवर चालणारे रेडिओ आले, अनेक चॅनल आले. १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ड्यूबेनडॉर्फला पहिलं आरसी जागतिक अजिंक्यपद झालं, ते एड काझ्मिर्स्कीने 'ओरायन'वर जिंकलं. तिथपर्यंत पंख खाली सरकला होता आणि एलेरॉन (पंखावरच्या हलत्या पट्ट्या) आले होते. त्या विमानांना कुणी ओल्ड टायमर समजत नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

आता प्लॅन कसा वाचायचा. आधी शेपटी बघा. रडर आणि एलिव्हेटरला बिजागरीची रेष नसेल आणि आडव्या शेपटीची रिब (तिला आकार देणारी आतली फळी) पंखाच्या रिबसारखीच फुगीर असेल, तर विमान फ्री फ्लाइटचं. नाकामागे कॉइल, कंडेन्सर आणि टायमर काढलेले असतील तर खात्रीच. ग्लो प्लग (ठिणगीशिवाय इंधन पेटवणारा प्लग) बाजारात आला १९४७ मध्ये, रे आर्डनमुळे. त्याआधीच्या स्पार्क इंजिनांना हे सगळं सामान बरोबर न्यावं लागे. उलट शेपटीजवळ रबराचा हूक, फ्यूजलाजमधून जाणारी लांब टॉर्क रॉड (रडर फिरवणारी दांडी) आणि केबिनमध्ये स्पंजावर बसवलेला रिसीव्हर दिसला, की ते रेडिओचं.

शेपटीच्या रिबकडे मी सगळ्यात जास्त वेळ बघतो. ती फुगीर असेल तर शेपटीही वजन उचलते. ओल्ड टायमरमध्ये अशी शेपटी पंखाच्या क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशाच्या आसपासही असते. म्हणून त्यांचा तोलबिंदू, आपण ज्याला सीजी म्हणतो तो, पुष्कळ मागे असतो, कधी पुढच्या कडेपासून मोजलेल्या पंखाच्या रुंदीच्या निम्म्याच्याही मागे. रेडिओवाल्या प्लॅनवर तो पाव ते एक तृतीयांशाच्या दरम्यान असतो आणि आपल्या बोटांना त्याचीच सवय झालेली असते.

माझ्या पहिल्या ओल्ड टायमरचं याच सवयीने नुकसान झालं. प्लॅनवरचा सीजी दाखवणारा बाण पंखाच्या मागच्या अर्ध्यात होता. मला वाटलं, छपाईची चूक असणार. नाकात शिसं भरलं आणि विमान एक तृतीयांशावर दोन बोटांवर तोललं. नाक जड झालं म्हणून एलिव्हेटर वर ट्रिम केला, म्हणजे कायमचा थोडा वर ठेवला. भातकापणी झालेल्या शेतात सकाळी सोडलं. थ्रॉटल कमी असेपर्यंत ठीक होतं. थ्रॉटल वाढवला तसा वेग वाढला, वर ट्रिम केलेल्या एलिव्हेटरचा जोर वेगाबरोबर वाढत गेला, नाक उभं राहिलं, विमान क्षणभर लटकलं आणि डाव्या पंखावर पडलं. पंखाच्या मधल्या सात रिबा गेल्या. दुरुस्तीत एक आठवडा गेला. मग शिसं काढलं, बॅटरी मागे सरकवली, तोल बाणावर आणला आणि मोटरच्या माउंटखाली वरच्या बाजूला वॉशर घालून शाफ्ट दोन-तीन अंश खाली झुकवली. तेच विमान नंतर हात न लावता गोल फिरत राहिलं. बाण बरोबर होता. १९४० मध्ये ज्याने तो काढला त्याने विमान सोडून, मागे धावून, पुन्हा सोडून ती जागा शोधलेली होती.

रेडिओच्या प्लॅनवर सावधगिरी वेगळी. तिथे बाण हलवायचा नाहीच, पण वजनं कुठे ठेवायची ते बदलतं. जुने रिसीव्हर आणि बॅटऱ्या जड होत्या. आजचा रिसीव्हर काही ग्रॅमचा. म्हणून प्लॅनवरच्या जागेला चिकटून न राहता, सगळं सामान सुटं ठेवून आधी तोल साधावा आणि मगच ट्रे चिकटवावा. मूळचा अनुभव हवा असेल तर एक बटण दाबून तोच उजवा-डावा क्रम सर्व्होकडून करून घेणारी इलेक्ट्रॉनिक सोय आज करता येते. मी एकदा तसं उडवलं आहे. पहिल्या पाच मिनिटांत दोन वेळा चुकीच्या बाजूला वळलो, आणि १९५० मध्ये हे रोज करणाऱ्यांबद्दल आदर वाटला.

उडवतानाही हाताला फरक लगेच जाणवतो. ओल्ड टायमरला अर्धा मिनिट मोटर द्या, बंद करा आणि आकाशात घारी कुठे घिरट्या घालताहेत ते शोधा. त्यांच्या खाली नेऊन सोडलं तर ट्रान्समीटरची स्टिक मधोमध ठेवून बघत राहायचं. वारा वाढला की मात्र ते उतरवावं, कारण ते वाऱ्याविरुद्ध जागेवरच उभं राहतं आणि मग मागे सरकायला लागतं. व्हिंटेज आरसी त्याच वाऱ्यात नाक खाली घालून पुढे येतं, चौकोनी चक्कर पूर्ण करतं आणि पायाशी उतरतं. त्याला थर्मलमध्ये फार वेळ बसवता येत नाही.

ज्युनियर ६० बांधणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. ६० इंचांच्या या विमानाचे दोन्ही प्रकारचे प्लॅन फिरत असतात: १९४६ चा मूळ फ्री फ्लाइटचा आणि नंतर रेडिओसाठी पुन्हा काढलेले. शेपटीवर बिजागरीची रेष आहे का ते बघा, आणि ज्या कागदावरची शेपटी घ्याल त्याच कागदावरचा सीजी घ्या.