आजोबांना दारू पचली म्हणून नातवाला पचेल?
'आमच्या घराण्याचं लिव्हरच स्ट्राँग, आजोबा रोज प्यायचे तरी ८५ जगले' असं बरेचदा ऐकू येतं. यात थोडं खरं आहे, वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांनाच सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी भरून कडक होणं) होतो आणि त्यात जीन्सचा हात असतोच. पीएनपीएलए३ जीनचा एक प्रकार असेल तर लिव्हरमधली चरबी नीट मोडत नाही, साठत जाते, आईबाबा दोघांकडून आला तर धोका अजून जास्त. पण आजोबांचे जीन्स तुमच्यात जेमतेम पाव, बाकीचे आजीचे आणि आईकडचे, आणि ज्या आज्या कधी प्यायल्याच नाहीत त्यांचं लिव्हर किती सोसलं असतं हे कळणार कुठून? चेक करायचं तर नुसत्या एलएफटीवर (लिव्हरच्या रक्ततपासणीवर) जाऊ नका, ती नॉर्मल असूनही आत व्रण असू शकतात, डॉक्टरांना किती पिता ते खरं सांगा आणि फायब्रोस्कॅनचं (लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरून मोजणाऱ्या तपासणीचं) विचारा.