चाकं उद्यमबागेत, गाडी अंगणात

खंडेनवमीला गाडीची पूजा नव्या चाकांवर व्हावी, असं आमच्या खानापूरच्या मावसभावाच्या मनात आलं. नवी चाकं परवडेनात म्हणून त्यानं जुनी चारही मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची चाकं, काढली आणि पावडर कोटिंगसाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत धाडली. जुना रंग खरवडायचा, अस्तर द्यायचं, पावडर मारायची, १८०-२०० अंशांच्या भट्टीत भाजायची, वर लॅकर. चार दिवसांचं काम. मी गेलो तेव्हा बिनचाकांची गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर उभी होती.

"काय होतंय ओ अण्णा, अख्खं घर उभं हाय की ह्याच्यावर!" भाऊ म्हणाला.

मी खाली वाकलो. पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिऱ्याच्या कडेला ताजा लाल भुगा पडला होता. गाडीच्या कडेखालची पत्र्याची पट्टी दगडात हळूहळू रुतत होती.

घर उभं असतं हे खरं. पण भिंतीत प्रत्येक चिऱ्यावर भार अख्ख्या पृष्ठभागावर पसरून येतो. छोट्या गाडीचं वजन साधारण ९०० किलो. इंजिन पुढे असल्यामुळे निम्म्याहून अधिक भार पुढे, म्हणजे पुढच्या एका कोपऱ्यावर धरा २५० किलो. ही पट्टी चारेक मिलिमीटर जाड, दगडाला टेकलेली लांबी पाच सेंटिमीटर. क्षेत्रफळ झालं दोन चौरस सेंटिमीटर आणि दाब सव्वाशे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. बांधकामाच्या जांभ्यानं किमान ३५ किलोचा दाब सोसावा, अशी भारतीय मानकाची अट आहे. हिशेब ढोबळ आहे, पण भुगा का पडत होता ते कळायला पुरेसा.

या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन यानं १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. खाणीतून ओला निघतो तेव्हा कुऱ्हाडीनं तासता येतो, उन्हावाऱ्यात त्यातली लोहाची संयुगं घट्ट धरतात आणि तो टणक होतो. पण अंगभर छिद्रं, म्हणून पाणी पितो, आणि भिजला की ताकद उतरते. पावसाळा नुकता सरलेला, चिरे परसातल्या ढिगातले. पोकळ सिमेंट ब्लॉकची गोष्ट आणखी वाईट. तो भुगा पाडून सावधसुद्धा करत नाही, तडकतो तो एकदम.

मग जॅकवरच ठेवली असती तर? नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये पास्कलचा नियम राबतो: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून लहान दट्ट्यावरच्या थोड्या जोरानं मोठा दट्ट्या गाडी उचलतो. याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये घेतलं. पण याचा अर्थ असा की गाडी तेलावर उभी असते आणि ते तेल अडवून धरतं एक रबरी कडं आणि एक इवलीशी झडप. झडपेत कचऱ्याचा कण अडकला तरी तेल झिरपतं आणि गाडी खाली येते. डिकीतला स्क्रू जॅक आपणहून उतरत नाही, आट्यांमधलं घर्षण त्याला धरून ठेवतं. पण त्याचा तळ अरुंद, त्यामुळे तो कलंडतो.

उचललेली गाडी ठेवायची ती जॅक स्टँडवर, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या लोखंडी तिकाटण्यासारख्या आधारावर. स्टँडमध्ये तेल नाही, रबरी कडं नाही. लोखंडी दाता दुसऱ्या दात्यावर टेकलेला, बस्स. आम्ही उद्यमबागेतूनच चार स्टँड आणले, वर खोबणीचा रबरी गुटका असलेले, म्हणजे पट्टी चेपत नाही. गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या खाचांखालीच ते लावायचे. दुसरीकडे पत्रा आत जातो.

आता जमीन. टायरखाली जमिनीवर साधारण टायरातल्या हवेइतकाच दाब येतो, ३२ पौंडांची हवा म्हणजे सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर. स्टँडचे चार पाय मिळून चाळीसेक चौरस सेंटिमीटर टेकतात, दाब सहा किलोंच्या वर. ओल्या लाल मातीत ते रुतणारच. बैलहोंगलकडची काळी असेल तर विचारूच नका. आम्ही प्रत्येकाखाली ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड सागवानी फळी घातली. दाब पाव किलोच्या आसपास आला. माणूस नुसता उभा राहिला तर त्याच्या पायाखाली जवळपास तेवढाच असतो.

अंगणाला पाणी वाहून जायला ढाळ असतोच. दोन अंशांचा ढाळ डोळ्याला दिसतही नाही, पण ९०० किलोची गाडी त्यावर तीसेक किलोच्या जोरानं खाली सरकू पाहते. भावानं गाडी गिअरमध्ये टाकली होती आणि निर्धास्त होता. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत पुढचं एक चाक उचललं की गिअर काही धरत नाही. डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या दातेरी चक्रांमुळे, हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं खुशाल गडगडतं. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना, म्हणजे ती निघाली की तोही कामातून गेला. म्हणून गाडी सपाटीवर ढकलून घ्यायची आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे अडवणीचा ठोकळा, लावायची.

खरी गोम चारही चाकं एकदम काढण्यात आहे. पुढचे दोन स्टँड लावून मागून गाडी उंच उचलली की ती पुढच्या स्टँडवर कलते आणि स्टँड तिरपे होतात. त्यामुळे थोडं पुढे, थोडं मागे, असं दोन-तीन फेऱ्यांत चढवावं लागतं. चारपायी खाटेसारखा चौथा पाय अधांतरी राहतो, तोही बघायचा. शेवटी मी बॉनेटच्या कडेला हात लावून गाडी जोरात हलवली. हलली, पण स्टँड जागचे सुटले नाहीत. डिकीतलं जादा चाक आडवं करून कडेखाली सरकवलं. स्टँड घसरलाच तर गाडी त्यावर बसेल. तरीही बिनचाकांच्या गाडीखाली शिरायचं नाही, चेंडू गेला तरी. गल्लीतल्या पोरांना हे भावाच्या बायकोनं सांगितलं, तेव्हा कुठं पटलं.

मला विचाराल तर दोन-दोन चाकं पाठवावीत. आठवडा लागेल, पण अर्धी गाडी टायरांवर राहील.

चाकं आली, झकास दिसत होती. बसवताना नटाच्या बैठकीवरचा आणि मागच्या टेकणाऱ्या तोंडावरचा रंग खरवडून काढला. घट्ट आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. मधला रंगाचा थर दबला की ताण ढिला पडतो आणि नट सुटू लागतो. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघायचे असतात. खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन तेवढंच होतं. भाऊ खंडेनवमीच्या सकाळी परतला आणि हारतुऱ्यांआधी पाना शोधत बसला.