ठाण्याखाली भुयार होत नाही म्हणे!

तलावपाळीवर मेट्रोचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतंच, "खाली सगळं खाडीचं पाणी आहे हो. इथे भुयार टिकायचंच नाही, म्हणून तर खांब उभे केले."

पाण्याचं कारण खरं नाही. बुलेट ट्रेनचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा आहे आणि त्यातले ७ किलोमीटर चक्क ठाणे खाडीखालून आहेत. ओल्या जमिनीत बोगदा यंत्र पुढे खणत जातं आणि मागे लगेच काँक्रीटच्या वक्र तुकड्यांचं कडं बसवत येतं. सांध्यांतल्या रबरी पट्ट्या घट्ट दाबल्या जातात, त्या पाणी अडवतात. पावसाची खरी भीती स्टेशनच्या तोंडाशी असते. म्हणून दार रस्त्यापेक्षा उंच ठेवतात: आधी चार पायऱ्या चढा, मग खाली उतरा. (गुडघेदुखीवाल्यांनी आत्ताच कुरकुर करून घ्यावी.)

अडतं ते पैशांपाशी. जवळपास सगळी भुयारी असलेली मुंबईची मेट्रो ३ साडेतेहेतीस किलोमीटरची, खर्च ३७,२७६ कोटी. म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींच्या पुढे. २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेली ठाण्याची वर्तुळाकार, बहुतेक खांबांवरून जाणारी मेट्रो २९ किलोमीटरची, अंदाज १२,२०० कोटींचा. किलोमीटरला सव्वाचारशेच्या आत.

आणि गंमत म्हणजे या वर्तुळातलेही सुमारे ३ किलोमीटर भुयारीच आहेत. ठाणे स्टेशनला लागूनच. रिक्षांच्या त्या रांगेत खांब रोवणार तरी कुठे?